ओंजळीचे वजन

शाळेच्या स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थिनींकडून लेख मागविण्यात आले, तेव्हा आम्ही पाच जणींनी मिळून एकच लेख लिहावा असे ठरविले. वर्गातील आठवणी, गुरुजनांचे ऋण, पहाटेची वंदना, क्रीडांगण यांविषयी इतर मंडळी आमच्यापेक्षा चांगले लिहितील याची आम्हांला खात्री आहे. आम्ही निवडलेला विषय त्या मानाने घरगुती आहे. तो म्हणजे आपल्या आयांच्या हातचा मसाला: तिखटात पडणारा आणि गोडातही पडणारा. विषय लहान वाटेल. परंतु गेल्या काही वर्षांत आमच्या माहेरघरांत जे घडत गेले, त्यावरून तो यापुढे लांबणीवर टाकता येणार नाही, असे आमचे मत झाले आहे.

वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येकीला आठवत असेल की जूनमध्ये शाळा उघडली म्हणजे पत्र्याच्या पेटीत, कपड्यांच्या तळाशी, जुन्या फडक्यात गुंडाळलेली एक बाटली हमखास निघे. आम्ही पाच जणी पाच दिशांनी आलेल्या. सिंधुदुर्गातून आलेल्या मैत्रिणीच्या बाटलीत मालवणी मसाला असे. झाकण उघडताच बडीशेप आणि चक्रीफुलाचा वास येई. कोल्हापूरच्या मैत्रिणीजवळ कांदा-लसूण मसाला असे, लालभडक आणि किंचित ओलसर. बार्शीकडून काळा मसाला येई. बीडहून येसर येई. गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ भाजून मसाल्याबरोबर दळलेला, ज्याने पातळ आमटीलाही अंग येते. वर्ध्याच्या मैत्रिणीच्या आईचा मसाला मिरी-लवंगांनी इतका भरलेला असे की नुसत्या वासाने शिंक यावी. वसतिगृहाची आमटी दीड-दोनशे ताटांसाठी शिजे. ती लहान मुलांनाही सोसावी म्हणून सौम्य असे, आणि तसेच असणे योग्यही होते. त्या आमटीत बाटलीतली एक चिमूट कालवली की पंगतीत बसल्या जागी आपले घर जवळ येई.

रविवारी आम्ही बाटल्यांची अदलाबदल करीत असू. तेव्हा जे केवळ कुतूहल होते, त्याचा अर्थ मोठेपणी उलगडला. पाचही बाटल्यांत जिन्नस बहुतेक तेच होते: धने, मिरी, लवंग, दालचिनी, दगडफूल, तमालपत्र, जायपत्री. तरीही एकीचा मसाला दुसरीच्या मसाल्यासारखा कधी लागला नाही. कोणी खोबरे सोनेरी भाजले, कोणी काळसर होईपर्यंत. कोणी तीळ घातले, कोणी धान्य. जिन्नस बाजाराचे होते, पण त्यांचे प्रमाण, भाजण्याचा क्रम आणि विस्तवावरून उतरविण्याची वेळ ही त्या त्या घरातील स्त्रीची होती. ती विद्या कोठेही लिहिलेली नव्हती.

हेच मसाले गोडातही पडतात, याकडे आमचे लक्ष उशिरा गेले. दालचिनी, लवंग, वेलदोडा, जायफळ, सुंठ यांना आपण उष्ण मानतो आणि रश्श्याशी त्यांची सांगड घालतो. परंतु कोकणातील नारळीभाताची सुरुवात तुपात लवंगा टाकूनच होते. कोल्हापूर-सोलापूरकडील गव्हाच्या खिरीत सुंठ, जायफळ, बडीशेप आणि खसखस असते. विदर्भात लाल भोपळ्याच्या घाऱ्यांत जायफळ व वेलदोडा पडतो. या दुहेरी स्वभावाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे पुरण. हरभऱ्याची डाळ एकाच पातेल्यात शिजते. वरचे पाणी निथळून घेतात आणि तेथून दोन वाटा फुटतात. डाळीत गूळ मिळवून ती आटविली जाते व शेवटी तीत वेलदोडा, जायफळ आणि चिमूटभर सुंठ पडते. निथळलेल्या पाण्याला, म्हणजे कटाला किंवा येळवणीला, काळ्या मसाल्याची फोडणी बसते, त्यात थोडेसे पुरण कालवले जाते आणि झणझणीत आमटी तयार होते. या पातेल्यात काहीच वाया जात नाही. डाळ पचायला जड म्हणून सुंठ, गूळ अंगावर येतो म्हणून जायफळ, आणि पाण्यात सत्त्व उतरलेले असते म्हणून आमटी. आपल्या आयांनी आहारशास्त्राचे पुस्तक वाचलेले नव्हते, पण या तिन्ही गोष्टींची कारणे त्या सांगू शकत होत्या.

वसतिगृहातील आमचे गोडाचे शिक्षण वैशाखी पौर्णिमेला झाले. सुट्टीत मागे राहिलेल्या मुली त्या दिवशी खिरीच्या कामाला लागत. सुजातेने दिलेल्या पायसाची कथा सर्वांना ठाऊक होती. स्वयंपाकघरातील मावशी मात्र कथेपेक्षा कृतीकडे लक्ष देत. वेलदोडे साखरेबरोबर कुटायचे, म्हणजे दाणे बारीक होतात. टरफले टाकायची नाहीत, ती चहात घालायची. जायफळ खीर उतरवल्यावरच मिसळायचे, कारण उकळीत त्याचा वास उडून जातो. आणि ते मोजकेच घालायचे. "जायफळ वास येण्याइतकं घाला, गुंगी येण्याइतकं नको," असे त्या बजावत. जायफळ अधिक प्रमाणात पोटात गेल्यास खरोखरच गुंगी व मळमळ येते, हे आम्ही पुढे पुस्तकात वाचले. मावशींना ते आधीपासून ठाऊक होते.

मसाला हा अन्न आणि औषध यांच्या सीमेवर उभा आहे, ही समज फार जुनी आहे. विनयपिटकाच्या महावग्गात औषधांविषयी एक स्वतंत्र खंधक आहे. त्यात भिक्खूंना कारणपरत्वे जवळ ठेवता येतील अशा मुळांमध्ये हळद व आले यांचा, तर फळांमध्ये पिंपळी व मिरी यांचा उल्लेख येतो. भिक्खूला दुपारनंतर भोजन वर्ज्य आणि अन्नाचा साठा करणेही वर्ज्य. परंतु आजारपणासाठी ही द्रव्ये आयुष्यभर जवळ बाळगण्यास मुभा होती. ज्या डब्यातून आपली आई आमटीसाठी मिरी काढी, त्याच डब्यातून खोकल्याच्या काढ्यासाठीही काढी. बाळंतिणीच्या लाडवातील सुंठ आणि पुरणातील सुंठ एकाच पुडीतली असे.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिली पाहिजे. हे मसाले आपल्या घरांत नेहमी नसत. आमच्या आयांनी आठवडी बाजारातून खड्या मसाल्याची लहानशी पुडी आणायची आणि ती महिनाभर पुरवायची, असा काळ आम्ही पाहिला आहे. वेलदोडा परवडत नसे तेव्हा लापशीत बडीशेप आणि सुंठ पडे. लवंगा मोजून घातल्या जात आणि रश्श्यातून वर आलेली लवंग ज्याच्या ताटात येई, त्याला भावंडे भाग्यवान म्हणत. उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करायचा तर त्याआधी काही आठवडे मजुरीतून पैसे बाजूला पडत. मग शेजारच्या चार घरच्या बायका एकत्र बसून मिरच्यांची देठे खुडत आणि उखळावर पाळीपाळीने कांडत. ज्या पैशांतून मसाला होई, त्याच पैशांतून आमच्या वह्या व वसतिगृहाचे साहित्यही येई. आमच्या आयांपैकी दोघी कधी शाळेत गेल्या नाहीत, दोघींची शाळा चौथीत सुटली. लेकींना मात्र त्यांनी शंभर-दोनशे मैलांवर शिकायला धाडले.

जायफळाची एक हकीकत आम्हांला या संदर्भात महत्त्वाची वाटते. काही शतकांपूर्वीपर्यंत जगाच्या बाजारातील सारे जायफळ आजच्या इंडोनेशियातील बांदा नावाच्या चिमुकल्या बेटांवरून येत असे. एकाच फळाचे बी म्हणजे जायफळ आणि त्या बीवरची लाल जाळी म्हणजे जायपत्री. या व्यापाराची मक्तेदारी मिळविण्यासाठी डच ईस्ट इंडिया कंपनीने १६२१ साली यान पीटरसून कून याच्या नेतृत्वाखाली ती बेटे जिंकली. मूळ रहिवाशांपैकी बहुसंख्य मारले गेले, उपासमारीने मेले, हद्दपार झाले किंवा गुलाम केले गेले. आणि बागा चालविण्यासाठी इतर ठिकाणांहून गुलाम आणण्यात आले. पुढे जायफळ निर्यात करण्यापूर्वी ते चुन्याच्या निवळीत बुडविले जाई, जेणेकरून ते कोणी अन्यत्र पेरले तरी रुजू नये. तरीही अठराव्या शतकात फ्रेंचांनी रोपे मॉरिशसला पळविली, त्यानंतर इंग्रजांनी ती पेनांग, श्रीलंका आणि इतरत्र नेली, आणि मक्तेदारी मोडली. आज आपल्या कोकणात नारळी-पोफळीच्या सावलीत जायफळाची झाडे वाढतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने जायफळाच्या आणि दालचिनीच्या स्वतंत्र जातीही विकसित केल्या आहेत.

बीज लोकांपर्यंत पोहोचू द्यायचे, पण रुजू द्यायचे नाही, ही युक्ती आपल्या समाजाला नवी नाही. अक्षरांच्या बाबतीत आपल्या आज्या-पणज्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या सोसली. अक्षर डोळ्यांसमोर होते, पण त्यांच्या हाती लागू दिले गेले नाही. परिणामी त्यांना जे येत होते, ते सारे हातांत, नाकात आणि जिभेवर राहिले. मराठीत पाककृतींची पुस्तके पुष्कळ निघाली. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' तर घरोघरी पोहोचले आणि वाटी-चमच्याच्या मापामुळे अनेक नवख्या मुलींना स्वयंपाक शिकवून गेले. आम्हीही त्यातून पुष्कळ घेतले. परंतु येसराची आमटी, हुलग्यांचे माडगे, सुक्या बोंबलाचा रस्सा, वाळविलेल्या मटणाच्या चान्या यांचा शोध घेण्यासाठी आपल्याला छापील पाने फार थोडी मिळतात. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांगांच्या अन्नाची नोंद केली, तेव्हा आम्हांपैकी अनेकींनी आपल्या घरचे पदार्थ प्रथमच छापलेले पाहिले. एका लेखकाने एका प्रदेशासाठी जे केले, ते प्रत्येक घराने आपल्यापुरते करण्यासारखे आहे.

आम्हांला हे निकडीचे का वाटू लागले, ते आता सांगतो. आमच्यापैकी एकीचे माहेर बार्शी तालुक्यात आहे. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत तिच्या आई आजारी पडल्या. त्या बऱ्या झाल्या, परंतु त्यांचा वास घेण्याचा गुण गेला तो परतलाच नाही. पन्नास वर्षे ज्यांनी नाकाच्या भरवशावर मसाला भाजला, त्यांना खोबरे करपल्याचेही कळेनासे झाले. त्या वर्षी त्यांनी मसाला केला नाही. पुढच्या उन्हाळ्यात घरात विकतचा मसाला आला आणि आई आमटीच्या वाटीला हात न लावता भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागल्या. मैत्रिणीने हे आम्हांला कळविले तेव्हा आम्ही चौघी सुट्टी काढून बार्शीला गेलो. बरोबर स्वयंपाकाचा लहान वजनकाटा आणि शंभर पानी वही नेली.

आईंना प्रथम हे पटेना. "मला वासच न्हाई, तर म्या काय सांगू?" असे त्या म्हणाल्या. मग आम्ही त्यांच्यापुढे धन्याची पाटी ठेवली आणि एवढेच विचारले की नेहमी किती घेता. त्यांनी ओंजळ भरली. आम्ही ती काट्यावर रिकामी केली: ८५ ग्रॅम. पुन्हा भरायला सांगितली: ८३. तिसऱ्यांदा: ८७. ज्या बाईने आयुष्यात काटा वापरला नाही, तिच्या ओंजळीत इतकाच फरक पडला. त्यानंतर त्यांनाच उत्साह आला. कढई तापली आणि दुसरी गोष्ट उघड झाली: नाक गेले तरी कान, डोळे आणि बोटे शाबूत होती. तीळ तडतडू लागले की उतरायचे, हे त्यांना आवाजाने कळे. लवंग फुगते, ते दिसते. दगडफूल नीट भाजले की बोटांत चुरते. धने हातात घेऊन चोळले की टरफल सुटते. "वास कळत न्हाई, पर तडतडल्यालं ऐकू येतंय की," असे म्हणून त्या स्वतःच हसल्या. जेथे केवळ वासाचाच आधार होता तेथे, म्हणजे दालचिनी आणि जायपत्रीसाठी, त्यांनी लेकीला कढईवर वाकायला सांगितले आणि पुन्हा पुन्हा विचारले, "गोडसर आला का गं? आला की लगीच काढ."

त्या दिवशी वहीत जी नोंद झाली ती येथे देतो, कारण ती आता कोणा एका घराची राहू नये अशी त्यांचीही इच्छा आहे. धने सहा ओंजळी, म्हणजे सुमारे ५०० ग्रॅम. सुक्या लाल मिरच्या २५० ग्रॅम. सुके खोबरे २०० ग्रॅम. तीळ १५० ग्रॅम. जिरे ४० ग्रॅम, खसखस २५ ग्रॅम, दगडफूल १५ ग्रॅम, मिरी १५ ग्रॅम. लवंग तळहाताच्या खळग्यात मावेल इतकी, म्हणजे १० ग्रॅम. दालचिनी १० ग्रॅम. तमालपत्राची आठ-दहा पाने, मसाला वेलदोडे सहा, चक्रीफुले चार, जायपत्रीच्या दोन पाकळ्या, दोन हळकुंडे आणि सुपारीएवढा हिंगाचा खडा. प्रत्येक जिन्नस स्वतंत्रपणे, थोड्याशा तेलावर, मंद आचेवर भाजायचा. कारण प्रत्येकाची भाजली जाण्याची वेळ निराळी. एकत्र टाकले तर हळकुंड कच्चे राहते आणि खसखस जळते. हळकुंड व हिंग प्रथम, कडक मसाले नंतर, धने त्यांच्यामागून, तीळ व खसखस कोरडीच, आणि खोबरे शेवटी, गडद तपकिरी होईपर्यंत. सर्व पूर्ण निवल्यावरच कांडायचे. दालचिनीविषयी त्यांनी एक खूण सांगितली: बाजारात जाड, एकेरी सालीची मिळते ती रश्श्याला चालते; पातळ सालीच्या, एकात एक गुंडाळलेल्या नळ्या मिळाल्या तर त्या गोडासाठी राखून ठेवायच्या. पहिली बहुधा दालचिनीच्या कुळातीलच दुसऱ्या एका झाडाची साल असते, दुसरी खरी सिंहली दालचिनी. नावे त्यांना ठाऊक नव्हती. फरक मात्र नेमका ठाऊक होता.

गोडाच्या नोंदीत मात्र आमचा काटा निरुपयोगी ठरला. गव्हाच्या खिरीला जायफळ किती, असे विचारले तेव्हा त्यांनी सहाण पुढे घेतली आणि जायफळ गोल फिरवून वेढे मोजले. ते गंध इतके थोडे होते की काट्याचा आकडा हललाच नाही. म्हणून वहीत आम्ही ग्रॅम न लिहिता वेढेच लिहिले. प्रत्येक माप ग्रॅमात बसलेच पाहिजे असे नाही. ते कोणत्या ना कोणत्या रूपाने लिहिले गेले पाहिजे, एवढेच.

तेव्हापासून आम्ही इतर चार घरांच्याही नोंदी केल्या. येसराची भाजणी लिहून झाली, मालवणी मसाल्याची झाली. वर्ध्याच्या मैत्रिणीच्या आई हयात नाहीत. त्यांच्या दोन बहिणींनी एकत्र बसून, एकमेकींशी वाद घालत, बहिणीचा मसाला आठवून सांगितला. मिरीच्या प्रमाणावर त्यांचे अखेरपर्यंत एकमत झाले नाही, म्हणून वहीत दोन्ही प्रमाणे नावानिशी नोंदली आहेत. प्रत्येक पानाच्या शिरोभागी पदार्थाचे नाव नव्हे, तर करणाऱ्या बाईचे पूर्ण नाव, गाव आणि तिने ते कोणाकडून शिकले याची नोंद आहे.

शाळेच्या सर्व माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमची विनंती आहे की त्यांनी येत्या सुट्टीत आपल्या घरी असे एक तरी पान लिहावे. मुलग्यांनीही लिहावे, मसाला खाणारे सगळे आहेत, तर लिहिणाऱ्या केवळ मुलीच का असाव्यात? प्रमाण लिहावे, भाजण्याचा क्रम लिहावा आणि प्रत्येक जिन्नस विस्तवावरून केव्हा उतरवायचा ती खूण लिहावी. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण तीच पुस्तकांत बहुधा सापडत नाही. ज्यांच्या आई-आजी लिहू शकत नाहीत, त्यांनी तर हे आधी करावे. आपल्याला अक्षर मिळावे म्हणून ज्यांनी लवंगा मोजून घातल्या, त्यांच्या विद्येला अक्षर देणे हे आपले साधे कर्तव्य आहे. अशी पाने शाळेकडे आल्यास ती ग्रंथालयात एकत्र ठेवता येतील.

हा लेख पाठविण्यापूर्वी आम्ही त्यातील मसाल्याची कृती बार्शीच्या आईंना दूरध्वनीवरून वाचून दाखविली. त्यांनी शांतपणे सारे ऐकून घेतले. नंतर म्हणाल्या, "समदं बरोबर हाय. पर कांडताना मूठभर मीठ घालायचं, त्येनं मसाला टिकतो, ते ऱ्हायलं. आन् पावसाळ्यात वल्या हातानं बरणी उघडायची न्हाई, ते बी लिवा." त्यांच्या दोन्ही सूचना येथे नोंदवून आम्ही वाचकांचा निरोप घेतो.